ओढ्याच्या अलीकडे

ओढ्यापाशी आल्यावर यापुआने काठी आडवी धरली आणि आमची रांग थांबली. पुढे बायका होत्या, कपाळाला अडकवून पाठीवर सोडलेल्या जाळीदार झोळ्या घेऊन. झोळ्यांत रताळी, काहींत तान्ही मुलं, एकीच्या झोळीत डुकराचं पिल्लू. मागे पुरुष, कुऱ्हाडी आणि वेलींचे दोर घेऊन. सगळ्यांत शेवटी मी, माझी धाप आणि औषधांची पेटी उचललेला अलोइस.

यापुआ त्या खोऱ्यातला सगळ्यांत म्हातारा. रानात जाताना त्याचा शब्द चाले.

"इथून पुढे सिस्टा काय बोलणार?" त्याने अलोइसला विचारलं.

"मी इथेच उभी आहे," मी म्हणाले. "मलाच विचार. आणि काय बोलायचं नाही ते सांग."

"सगळंच," यापुआ म्हणाला.

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखात मी मिशनच्या दवाखान्यात नर्स होते, मठातली सिस्टर म्हणून सगळ्यांची सिस्टा, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. अलोइस माझा मदतनीस, तिथलाच, चांगला मिशा पिकत आलेला माणूस. तिथे सगळे सगळ्यांना तू म्हणतात, बिशपलासुद्धा, म्हणून इथेही तसंच लिहिते. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. तिथे बारा कोस सलग चालायला जागाच नाही. एक डोंगर ओलांडला की भाषा बदलते, आणि अशी बदलते की पलीकडचा माणूस पाणी मागतोय की जीव घेईन म्हणतोय ते कळू नये. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलायला सगळ्या देशाची मिळून एक मोडकीतोडकी पिजिन आहे. एवढ्याने भागत नाही म्हणून की काय, डोंगरमाथ्यावरच्या रानासाठी आणखी एक निराळी बोली.

त्या रानात एक झाड होतं. आमच्या वसईच्या केवड्याचाच भाऊबंद, पण आमचा केवडा समुद्राकाठी वाळूत बसकण मारतो आणि हा ढगात जाऊन उभा राहिलेला. मुळांच्या टेकूंवर उंच सरळ खोड, शेंड्याला लांब काटेरी पानांचा झुबका आणि त्यात माणसाच्या डोक्याएवढं फळ. फळात दाटीवाटीने बिया. भाजून खाल्ल्या की खोबऱ्याची आठवण यावी. ते फळ दर वर्षी धरत नाही. ज्या वर्षी धरतं त्या वर्षी सगळं खोरं म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट वर मुक्कामाला जातं, आणि खालच्या घरांना फक्त दारं उरतात. रोगीच नाहीत तर दवाखान्यात बसून मी काय माश्या मारणार? म्हणून मीही निघाले होते.

"रोजचे शब्द वर चालत नाहीत," यापुआ म्हणाला. "डोंगराच्या धन्याच्या कानी ते गेले की त्याला कळतं, चोर आले. मग बिया आतून पाणचट होतात. पाणी, विस्तव, कुत्रा, पाय, भूक, सगळ्याला वर दुसरे शब्द आहेत. माणसांची नावंसुद्धा या काठाला ठेवून जायची."

"तुमचे वरचे शब्द अलोइसने मला थोडे शिकवलेत. अडलं तर पिजिन बोलेन."

"पिजिन डोंगराला येते. गोरे साहेब फिरायला लागले तेव्हापासून शिकला तो."

"इंग्रजी?"

"थोडी येत असणार." यापुआने विचार केला. "तुझ्या घरची भाषा कोणती?"

"मराठी."

"ती बोलणारं कुणी इथे येऊन गेलंय?"

"माझ्याआधी? नाही."

"मग ती बोल. पोटभर बोल."

अशा रीतीने त्या डोंगरावर मराठीला परवानगी मिळाली. ऐकायला कुणी नव्हतं ही गोष्ट वेगळी.

मला या प्रकाराचं फारसं नवल वाटलं नाही. आमच्या घरी दिवा विझत नसे, शांत होत असे. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. घराबाहेर पडताना जाते म्हणालं की आई परत आत बोलवायची आणि येते म्हणायला लावायची. आम्ही पिढ्यान् पिढ्यांचे ख्रिस्ती, पण शब्दांना भ्यायचं ते भ्यायचंच.

"आणखी एक," काठी खाली घेताना यापुआ म्हणाला. "वर कुणी मरत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मरत नाही. आजवर कुणी मेलेलं नाही."

तो पुढे गेल्यावर अलोइस माझ्या कानाशी लागला. "पडतात पुष्कळ, सिस्टा. झाडं पाहशीलच तू. माझा चुलता पडला, यापुआचा भाऊ पडला. पण सगळे ओढ्याच्या या काठाला येऊन मेले. वर कुणी मेला आणि तसं कुणाच्या तोंडून निघालं, तर रान बंद. आज जन्मलेलं पोर बाप होईपर्यंत इथे कुणी पाय ठेवायचा नाही." मग त्याने पेटी डोक्यावर घेतली आणि पाण्यात उतरला. त्यानंतर परत येईपर्यंत तो माझ्याशी पिजिनचा एक शब्द बोलला नाही.

रान कसलं, शेवाळाचं घर होतं ते. खोडं, फांद्या, दगड, सगळ्यांवर हिरवी जाड गोधडी. खाली पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. सकाळी दहा पावलांवरचं दिसायचं नाही, मग धुकं फाटायचं आणि झाडाएवढाल्या नेच्यांमागे तांबड्या फुलांनी भरलेलं झुडूप उभं असायचं, कधीपासून ते कुणी सांगावं. एक काळा पक्षी यायचा, त्याच्या अंगाच्या तिप्पट लांब पांढऱ्या फिती शेपटाला लावून. तो उडाला की बायका हातातलं काम टाकून बघत राहायच्या. त्यांनी तो जन्मभर पाहिला होता, तरी बघायच्या.

वरच्या बोलीत शब्द थोडे. वाक्याची चाल खोऱ्यातल्याच भाषेची, आणि ती मला कामापुरती येत होती, त्यामुळे आठवड्याभरात माझं बरं चालायला लागलं. ते बोलणं तुटक असायचं. इथे मी ते सरळ करून लिहिते.

आता वारेमे आणि रिंबू यांच्याबद्दल सांगायला हवं. वारेमे त्या खोऱ्यातली सगळ्यांत तिखट जिभेची बाई, आणि रिंबू तिचा नवरा, झाडावर चढण्यात पहिला. या दोघांचा अबोला साऱ्या खोऱ्याला ठाऊक होता. रिंबूने पलीकडच्या खोऱ्यातली एक मुलगी दुसरी बायको म्हणून ठरवली होती. यात तिथे वावगं काही नाही. पण मुलीच्या बापाला डुकरं द्यावी लागतात, आणि रिंबूच्या गोठ्यातली झाडून सगळी डुकरं वारेमेने पाळलेली, काही तर स्वतःच्या अंगावर पाजून वाढवलेली. म्हणजे सवत यायची ती हिच्याच डुकरांवर. वारेमेने गोठ्याच्या दारात झोपायला सुरुवात केली आणि नवऱ्याशी बोलणं टाकलं. रताळ्यांचे वेल लावले तेव्हाची ही गोष्ट. रताळी निघाली तरी अबोला तसाच. काही सांगायचं झालं तर ती कुत्र्याला सांगे. "कुत्र्या, तुझ्या मालकाला सांग, खायला ठेवलंय." रिंबूही कुत्र्यालाच उत्तर देई. एकदा त्याची दाढ ठणकत होती म्हणून ती त्याला दवाखान्यात घेऊन आली आणि दाराबाहेर उभं राहून मला म्हणाली, "त्या माणसाला विचार, कुठली दाढ." तो माणूस तिच्यापासून दोन हातांवर होता.

तर वर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी एका मुलाचा कान धूत होते आणि झाडाच्या शेंड्यावरून रिंबूचा आवाज आला, "बाजूला हो, डोक्यावर पडेल." आणि खालून वारेमे म्हणाली, "पडू दे. तुझ्यापेक्षा कठीण आहे माझं डोकं."

माझ्या हातातून कापूस पडला. मी आजूबाजूला पाहिलं. कुणालाच काही वाटलेलं नव्हतं.

संध्याकाळी वारेमे माझ्याजवळ बिया फोडत बसली होती. मी विचारलं, "तू त्याच्याशी बोलतेस?"

"बोलते."

"आणि ते खालचं?"

"ते खाली आहे," वारेमे म्हणाली. "ते बोलणं त्या काठाला ठेवलंय. परत जाताना उचलीन."

मी मनाशी शब्द जुळवून पाहिले. सवत, डुक्कर, लबाड, तोंड काळं कर. एकालाही वर जोड नव्हती. भांडायचं म्हटलं तरी कशाने भांडणार?

पुढे तीन-एक आठवडे मी त्या दोघांना पाहत होते. तो तिच्यासाठी फळातल्या मधल्या, कोवळ्या बिया राखून ठेवी. ती त्याच्या पोटऱ्यांना खाजकुयलीसारखी पानं चोळी, थकवा जायला. तो ओरडे आणि ती हसे. दोघं एकाच पानांच्या छपराखाली झोपत. मला खरं सांगायचं तर त्यांचा हेवा वाटे. संसार नको म्हणून मी मठात गेलेली बाई, पण त्या छपराकडे पाहून मला वाटे, खाली जाऊच नये यांनी.

रिंबू पडला तो पावसाच्या दुसऱ्या दिवशी. खोडं निसरडी होती. यापुआने नको म्हटलं होतं, पण एका झाडाचं फळ आज-उद्या गळणार होतं आणि रिंबू कुणाचं ऐकणारा नव्हता. मला आधी पानांचा आवाज आला, मग धप्पकन आवाज, मग काहीच नाही. कुणी किंचाळलं नाही. किंचाळायलाही वर मुभा नव्हती.

मांडीचं हाड कातडी फोडून बाहेर आलं होतं. त्याची मला एवढी काळजी नव्हती. पण पोट फळीसारखं ताठ झालं होतं आणि ओठ पांढरे पडत चालले होते. आत कुठेतरी रक्त वाहत होतं आणि तिथवर माझा हात पोचणार नव्हता. दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, पाय फळ्यांना बांधला. पुरुषांनी दोन बांबू आणि वेलींची डोली केली. खाली पोचलो तर दवाखान्यातून वायरलेस करता आला असता, विमान मागवता आलं असतं. तेवढीच आशा होती, आणि ती मी वारेमेला सांगितली. बोटाने आकाश दाखवून सांगितली, कारण विमानाला शब्द नव्हता.

यापुआ डोलीशी वाकला आणि रिंबूला म्हणाला, "झोप आली तरी झोपू नकोस. ओढ्याच्या पलीकडे झोप."

"बरं," रिंबू म्हणाला.

डोली उचलली. वारेमे त्याच्या डोक्याशी चालायला लागली. वाट उतरणीची, मुळं आणि चिखल. पुरुष आळीपाळीने खांदे बदलत. रिंबू सुरुवातीला बोलत होता, थोडं थोडं. मग वारेमे बोलायची आणि तो हुंकार द्यायचा. मग हुंकारही थांबले. तांबड्या फुलांच्या एका मोठ्या झाडाखाली डोली टेकवली तेव्हा मी नाडी पाहायला हात लावला. मनगटाला लागली नाही. गळ्याला पाहिली. तिथेही नव्हती. वारेमे दोन पावलांवर वेलाने झोळी बांधत होती, पाठ करून.

मी मान वर केली तर यापुआ माझ्याकडे पाहत होता.

"झोपला?" त्याने विचारलं.

मी नर्स आहे. मेलेल्याला मेला म्हणायचं, वेळ नोंदवायची, नातेवाइकांना स्पष्ट सांगायचं, हे माझं शिक्षण. त्या क्षणी त्या म्हाताऱ्याचा मला भयंकर राग आला. एका बाईचा नवरा गेलाय आणि तुम्हाला बियांची पडलीय, असं मला ओरडून म्हणायचं होतं, आणि मराठीत मला तशी परवानगीही होती. पण डोलीभोवतीचे सगळे पुरुष खाली मान घालून उभे होते, आणि त्यांची बायकामुलं वर होती, पुढची वीस वर्षं याच डोंगरावर अवलंबून.

"झोपला," मी म्हणाले.

"पाणी दे त्याला."

मी बोळा भिजवून त्याच्या ओठांना लावला. मनातल्या मनात मरियेची प्रार्थना सुरू केली, मराठीतच. तिच्या शेवटी मरणाचा शब्द येतो. तिथवर आले आणि तो शब्द मी गिळला. डोंगराला मराठी येत नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुन्हा चालू लागलो. वारेमे डोक्याशी. ती बोलत होती, आता जास्तच. दक्षिणेच्या उतारावरची फळं राहिली, म्हणाली. मोठ्या मुलाने काल किती बिया खाल्ल्या ते सांगितलं. कुत्रा मागे राहिलाय, येईल. प्रत्येक वाक्यानंतर ती थांबायची, समोरच्याला बोलायला लागतो तेवढा वेळ, आणि मग पुढचं वाक्य. तिला कळलं होतं की नाही, मला सांगता येईना. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. अलोइस माझ्यामागून चालत होता आणि त्याच्या नाकाचा आवाज येत होता.

ओढ्याशी पोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि वर डोंगरावर पाऊस कोसळत होता. पाणी गढूळ झालं होतं, चढत होतं. येताना गुडघ्याला लागलं होतं, आता मांडीला सहज लागलं असतं. पुरुषांनी दोर पलीकडे नेऊन बांधला. परतताना घरची बाई आधी उतरते आणि मग तिचा माणूस, अशी तिथली रीत. सगळे वारेमेकडे पाहायला लागले.

वारेमे काठावरच्या दगडावर बसली.

"तो दमलाय," ती म्हणाली. "बसू दे थोडं."

थोडं बसलो. पाणी एका दगडावरून गेलं, मग त्याच्या पुढच्या. यापुआ तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला, हळू आवाजात काही बोलला. ती डोलीकडे पाहत म्हणाली, "आम्ही इथे बरे आहोत."

तिच्या दिराने दंड धरला. तिने तो असा झटकला की पुन्हा कुणी पुढे आलं नाही. बळजबरीने ओढून न्यायची सोयही नव्हती, कारण अशी ओढाओढ झाली की रडारड होणार, शब्द निघणार, आणि ते सगळं ओढ्याच्या अलीकडे. रात्र इथे काढायची तर पाणी वाढत जाणार. मग डोली अडकून पडली असती आणि जे सगळ्यांना ठाऊक होतं ते कुणाच्या ना कुणाच्या तोंडून सकाळपर्यंत निघालंच असतं. यापुआ उठला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. आता मात्र तो खरोखरच म्हातारा दिसत होता.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि मला माझ्या भावाची आठवण झाली. मी नागपूरला नर्सिंग शिकत होते तेव्हा इनासची तार आली होती. वडील सीरियस, लगेच निघ. मी रात्रभर गाडीत बसून नवस बोलत गेले, काय काय सोडीन ते देवाला सांगत गेले. आमच्या वाडीच्या वळणावर आले तर शेजारी अंगणात बाकं मांडत होते. वडील तार करण्याआधीच गेले होते. आमच्याकडे माणूस गेल्यावर सीरियस होतो, हे लहान पोरालाही ठाऊक असतं, मलाही होतं. तरी मी आशा धरली, आणि त्या रात्रीच्या आशेबद्दल मी इनासशी पुढे कधी नीट वागले नव्हते. त्या ओढ्याकाठी पहिल्यांदा मनात आलं, त्याने दुसरं काय लिहायचं होतं? मला घरापर्यंत तर यायचं होतं.

"वारेमे," असं म्हणता येत नव्हतं, म्हणून मी तिच्या खांद्याला हात लावला. "चल. खाली माझ्या घरी नेऊ त्याला. मी त्याचा पाय नीट करते. शिवते." सुईलाही शब्द नव्हता, मी बोटांनी शिवून दाखवलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. सबंध दिवसात पहिल्यांदा. ते डोळे पाहिल्यावर मला कळलं की तिला ठाऊक होतं, आणि कदाचित माझ्या आधीपासून.

"शिवशील?"

"शिवीन."

"नीट?"

"नीट."

ती उठली, झोळी डोक्यावर घेतली आणि पाण्यात उतरली. पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं. पाठोपाठ पुरुषांनी डोली डोक्यावर घेतली.

पलीकडच्या काठावर पोचल्यावर कुणी बोलेना. रोजचे शब्द आता मोकळे होते, पण पहिला कुणी उचलायचा? शेवटी यापुआ पिजिनमध्ये मला म्हणाला, "सिस्टा, आता सांग."

"तो मेलाय," मी म्हणाले. "वर, तांबड्या फुलांखाली."

"वर नाही," यापुआ म्हणाला. "आत्ता."

"आत्ता," मी म्हणाले.

मग पुरुष रडायला लागले. तिथले पुरुष मोठ्याने रडतात, छाती पिटून, मेलेल्याला नावाने हाका मारून. दिवसभर कोंडलेलं सगळं बाहेर आलं. दिराने कपाळाला चिखल फासला. डोली सरळ घरी न्यायची, अंगणात ठेवायची, सगळ्या खोऱ्याला निरोप धाडायचा, असं त्यांचं ठरायला लागलं. वारेमे डोलीच्या पुढे जाऊन वाट अडवून उभी राहिली. ती रडत नव्हती.

"आधी दवाखाना," ती म्हणाली. "सिस्टाने शब्द दिलाय."

"वहिनी, आता काय उपयोग?" दीर म्हणाला.

"मी तुला विचारलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "दवाखाना."

वाटेत अलोइसने मला गाठलं. त्याचे डोळे सुजले होते, पण तो शेवटी माझा मदतनीस होता. "सिस्टा, टाक्यांचा दोरा थोडाच उरलाय. पुढचं सामान यायला अवकाश आहे. जिवंत माणसांना लागेल तो."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? असेल तेवढा काढ."

दवाखान्यात पोचलो तेव्हा अंधार पडत होता. बाकीच्यांना बाहेर थांबवलं. रिंबूला टेबलावर ठेवलं, फळ्या सोडल्या. अलोइसने पाणी तापवलं. मी चिखल धुतला, पानांचे तुकडे काढले, हाड आत सारलं. जखम लांब होती, वाकडी फाटलेली. जिवंत माणसाची असती तर जेवढ्या निगुतीने धुतली असती तेवढ्याच निगुतीने धुतली, आयोडिन लावलं. वारेमे त्याच्या उशाशी उभी होती. ओढा ओलांडल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. दिवसभर बोलत आली होती, आणि आता तोंड मिटून उभी होती. हातसुद्धा लावत नव्हती त्याला.

अलोइसने सुई ओवून दिली. मी वाकले, कातडीची एक कड चिमटीत धरली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "थोडंसं टोचेल हं."

मी वर पाहिलं.

वारेमेने हात पुढे केला आणि रिंबूच्या कपाळावर ठेवला.

"हलू नकोस," ती त्याला म्हणाली. खालच्या भाषेत, घरच्या शब्दांत. "हलू नकोस, रिंबू. मी आहे इथे."

मग ती रडायला लागली. मला सुई दिसेना, माझेच डोळे भरले होते. अलोइसने कंदील जवळ आणून धरला आणि मी पहिला टाका घातला.